उपनगरी शहरात दाट घरं : शहर घडतं की बिघडतं?

रानवाट (धागाकर्ता)

वाढत्या उपनगरी शहरांत एकच वाद पुन्हा पुन्हा पेटतो. बंगले आणि दुमजली घरं पाडून तिथे सात, बारा, वीस मजले उठतात. नियोजनवाले म्हणतात, शहर आडवं पसरून शेतं खाण्यापेक्षा उभं वाढलेलं बरं. जुने रहिवासी म्हणतात, शहराची पार रया गेली. बिल्डर काहीच म्हणत नाही, तो पाया खणत असतो.

'धागाकर्ता कुंपणावर' असा शेरा यायच्या आत माझं मत नोंदवून ठेवतो. दाट घरांनी शहर बिघडत नाही. घरं आधी आणि पाणी, गटार, शाळा, बस 'मागाहून बघू', या क्रमाने ते बिघडतं. उरलंसुरलं ठरतं ते इमारत रस्त्याला कशी भिडते यावर. उंचीवरून भांडणं फार होतात, पण उंचीला तेवढं महत्त्व नाही.

एक आकडा देतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १९१० साली २३ लाखांवर माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती १७ लाखांच्या आत आहेत. तिथले बहुतेक उंच मनोरे मधल्या काळातले. मजले चढत गेले आणि माणसं कमी झाली, कारण आधी पाच-सहा मजली कोंदट इमारतींत एकेका खोलीत अख्खं कुटुंब कोंबलेलं असे. त्यामुळे 'उंच म्हणजे गर्दी' हे गणित जरा बाजूला ठेवून बोलू.

एक विनंती. आपापल्या शहराची धुणी इथे धुवायला नकोत. कोणत्या गावाचा कोणता नगरसेवक काय म्हणाला यात धागा शंभरी गाठेल आणि हाती काही लागणार नाही.

तिरकस

ज्याचं घर झालं त्याला शहर भरलेलं दिसतं. ज्याचं व्हायचंय त्याला रिकामं. झाला धागा, चला घरी.

ओसरी

तिरकस, हे टाळ्याखाऊ उत्तर दरवेळी येतं आणि दरवेळी खरा मुद्दा बाजूला राहतो. मी जुन्यांपैकी आहे. नवीन माणसं येण्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार त्या इमारतींच्या पायथ्याबद्दल आहे.

खालचे दोन-तीन मजले नुसतं पार्किंग. रस्त्याच्या बाजूला लोखंडी जाळ्या आणि त्यांतून पंख्याने बाहेर फेकलेली गरम हवा, थेट पदपथावर चालणाऱ्याच्या तोंडावर. अख्ख्या लांबीत एक दार नाही, एक दुकान नाही, कपडे वाळत घातलेली एक खिडकी नाही. टोकाला गेट आणि गेटवर रखवालदार. डोक्यावर दोनशे कुटुंबं राहतात आणि खाली रस्ता ओसाड. तिन्हीसांजेनंतर त्या बाजूने क्लासहून येणाऱ्या मुलीला लांबचा रस्ता घे म्हणावं लागतं. पूर्वी याच रस्त्यावर निम्म्यानेही माणसं नव्हती, पण कुणी ना कुणी फाटकात उभं असायचं.

माणसं वाढली आणि जाग कमी झाली, हे कसं? जाणकारांनी सांगावं.

खिडकीतली_मांजर

ओसरीताई +१. 'डोक्यावर दोनशे कुटुंबं आणि खाली रस्ता ओसाड' अगदी पटलं.

नकाशा

ओसरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वास्तुरचनेत कमी आणि नियमावलीत जास्त आहे. मी नियोजनाच्या क्षेत्रात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक ठिकाणी दर घरटी अमुक इतकी पार्किंगची जागा द्यायलाच हवी असा नियम असतो. गाडी स्वतः बारा-साडेबारा चौरस मीटरात उभी राहते, पण वळायची जागा आणि रॅम्प धरून हिशेब २५ ते ३० चौरस मीटरवर जातो. एका बऱ्यापैकी खोलीची, कधी छोट्या घराची जागा ती. तळघर खोदणं महाग, म्हणून ते मजले जमिनीवर चढतात आणि पार्किंगचा डबा रस्त्यावर येऊन बसतो. त्या जाळ्या आर्किटेक्टला आवडतात म्हणून नसतात.

अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ मध्ये ही किमान पार्किंगची सक्ती जवळपास पूर्ण काढून टाकली. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणातून मोठ्या शहरांना ती काढायला लावली. पार्किंग बांधायला बंदी नाही, ज्याला हवं त्याने बांधावं. फक्त गाडी नसलेल्याच्या माथी त्याचा खर्च मारू नये.

मला आवडणारं उदाहरण मात्र वॉशिंग्टनला लागून असलेल्या अरलिंग्टनचं. मेट्रो आखली जात होती तेव्हा ती महामार्गाच्या मधून नेणं स्वस्त पडत होतं. कौंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, हट्ट धरला की जुन्या, उतरती कळा लागलेल्या बाजाररस्त्याखालून न्या. १९७९ च्या अखेरीस रॉस्लिन ते बॉलस्टन अशी पाच स्थानकं तयार झाली. मग नियम केला तो साधा : स्थानकाशी सगळ्यात उंच आणि दाट, तिथून पायी दूर जाल तसे मजले उतरत जायचे, आणि थोड्या अंतरावर पूर्वीचे बंगले तसेच. घरं आणि कचेऱ्या प्रचंड वाढल्या, पण तिथल्या मुख्य रस्त्यांवरची वाहनं त्या प्रमाणात वाढली नाहीत, कारण बरीच माणसं घरातून पायी स्थानकावर जाऊ लागली.

आता यातली खोट. बंगल्यांना हात न लावल्यामुळे ते बंगले सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. २०२३ मध्ये कौंटीने बंगल्यांच्या भागातही सहा घरांपर्यंतची इमारत चालेल असा ठराव केला आणि प्रकरण लगेच कोर्टात. म्हणजे नावाजलेल्या उदाहरणातही 'इथपर्यंत ठीक, माझ्या गल्लीत नको' आहेच.

जलवाहिनी

बसबिस नंतर. आधी खाली काय आहे ते बघा. माझं काम पाणी आणि मलनिस्सारणाचं आहे, आणि या वादात आमच्या नळ्यांना कुणी विचारत नाही.

मलवाहिनी गुरुत्वाकर्षणावर चालते. ती पूर्ण भरून वाहू नये, वर हवा राहावी अशा बेताने आखतात, आणि गणित सरासरीवर नव्हे तर सकाळच्या गर्दीच्या वेळेवर करतात. चाळीस बंगल्यांसाठी आखलेल्या नळीवर चारशे घरं जोडली की सकाळी ती काठोकाठ भरते आणि मॅनहोलमध्ये पाणी चढायला लागतं. आता गंमत बघा. ते पाणी वर येतं कुठे? त्या लाइनवर सगळ्यात खाली जे असेल तिथे. म्हणजे शेजारच्या जुन्या बैठ्या घराच्या न्हाणीघराच्या जाळीतून. आधी गुळगुळ आवाज, मग काळपट पाणी, मग वास. विसाव्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. जुने रहिवासी नव्या इमारतीवर एवढे का चिडतात याची पुष्कळ उत्तरं दिली जातात, त्यातलं हे उत्तर मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पण म्हणून 'दाट नको' म्हणू नका, कारण उलटी बाजूही आमच्याच नळ्यांत आहे. १५ मीटर रुंदीचे प्लॉट, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वीस-वीस धरा. चाळीस घरांसाठी ३०० मीटर मलवाहिनी, ३०० मीटर जलवाहिनी, तेवढाच रस्ता, तेवढेच दिवे. तीच चाळीस घरं एका इमारतीत बसवली तर ३०-४० मीटरमध्ये काम होतं. आज ती नळी कुणी फुकट टाकून दिली तरी पन्नास वर्षांनी बदलायची कुणी? त्याच चाळीस घरांनी.

शिवाय मलवाहिनीत पाण्याला पुरेसा वेग लागतो. दिवसातून एकदा तरी सेकंदाला साधारण ०.६ मीटर मिळाला नाही तर गाळ बसतो. विरळ वस्तीत दूरदृष्टी म्हणून भली मोठी नळी टाकली तर ती वाहत नाही, साचते.

आणि शेवटचं, जे ठरावाच्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही : नळीचा व्यास दुप्पट केला तर त्याच उतारावर वहनक्षमता दुप्पट नाही, सहा पटीहून जास्त होते. खर्च मात्र त्या मानाने थोडाच वाढतो, कारण पैसा खोदाईत आणि रस्ता पुन्हा करण्यात जातो. दहा वर्षांत इथे दाट वस्ती येणार हे ठरलेलं असेल तर आत्ता एकदाच खणा. हे न करता आधी परवानग्या वाटायच्या आणि मग दर दोन वर्षांनी तोच रस्ता फोडायचा, याला नियोजन म्हणत नाहीत.

रानवाट

जलवाहिनी, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. न्हाणीघराच्या जाळीचं कधी सुचलंच नव्हतं.

भाडेकरू

सगळं वाचलं. गटार महत्त्वाचं, जाळ्या वाईट, मान्य. पण इथे लिहिणारे बहुतेक जण घरमालक दिसतायत. भाड्याने राहणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं.

घरं बांधली नाहीत म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. नोकरी आहे तिथे ती येणारच. मग काय होतं? एका फ्लॅटमध्ये तीन जणांऐवजी सहा जण, नाहीतर तीस-चाळीस किलोमीटर लांब घर आणि रोज दोन-दोन तास रस्त्यावर. तो रस्ता तुमच्याच शहरातून जातो. मला तुमच्या गल्लीत राहू दिलं नाहीत तर मी तुमच्या गल्लीतून गाडी घेऊन जाईन, एवढाच फरक.

ऑकलंडचं बघा. २०१६ मध्ये तिथे नवा विकास आराखडा लागू झाला आणि राहत्या जमिनीपैकी जवळपास तीन चतुर्थांश भागावर पूर्वीपेक्षा दाट बांधायची मुभा मिळाली. टॉवर नव्हेत, मुख्यतः एका बंगल्याच्या जागी तीन-चार जोडघरं. पाच-सहा वर्षांत वर्षाला मंजूर होणाऱ्या घरांची संख्या दुपटीवर गेली. तिथल्या विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज असा की हे झालं नसतं तर भाडी आहेत त्याहून बरीच चढली असती. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, ते वाचलेत. पण घरं उभी राहिली हे तर कुणी नाकारत नाही ना?

तिरकस

म्हणजे मी एका ओळीत म्हटलं तेच. पण आम्ही म्हटलं की टाळ्याखाऊ.

ओसरी

भाडेकरू, तुमचा राग कळतो. पण भाव उतरतील हे गृहीत कशाला धरायचं? एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ती मर्यादा, वाढवला की पहिला फायदा जमीनमालकाचा. परवानगीचा कागद हातात पडायच्या आत जमिनीचा भाव चढलेला असतो, आणि नवीन घर येतं ते त्या चढलेल्या भावाने. तुमच्यासारख्याला ते परवडतं का?

नकाशा

दोघेही बरोबर, आणि फरक कुठे पडतो ते सांगतो. शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये फक्त स्थानकांजवळच्या पट्ट्यात जास्त बांधायची मुभा दिली. त्यावरच्या एका अभ्यासात जमिनीचे भाव लगेच चढलेले दिसले, पण पाच वर्षांत बांधकाम वाढलेलं दिसलं नाही. मूठभर प्लॉटांनाच मुभा दिली की त्या मालकांना लॉटरी लागते, ते दर धरून बसतात. ऑकलंडसारखी जवळपास सगळीकडे दिली की बिल्डर म्हणू शकतो, तुझं नको, पलीकडचं घेतो. घरं दाट करायची तर थोडी थोडी सगळीकडे केलेली बरी, असं माझं मत झालंय. चार गल्ल्या टॉवरने भरायच्या आणि बाकी शहर काचेच्या कपाटात ठेवायचं, हा सगळ्यात वाईट तोडगा. दुर्दैवाने राजकीयदृष्ट्या तोच सोपा असतो.

खडूस_म्हातारा

ऑकलंडचा जयघोष चाललाय म्हणून दोन शब्द. २७ जानेवारी २०२३ ला त्याच ऑकलंडमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, माणसं गेली, हजारो घरांत पाणी शिरलं. पाऊसच अभूतपूर्व होता, तेव्हा दोष सगळा दाट घरांवर टाकत नाही. पण परसातली माती जाऊन काँक्रीट आलं की पाणी मुरत नाही, हे सांगायला अभ्यास कशाला लागतो? पूररेषेच्या आत घरं दाटवायची का, हा प्रश्न तिथेही त्यानंतर जोरात विचारला गेला. २०२४ च्या अखेरीस तर तिथल्या पाणी कंपनीने उत्तरेकडच्या एका किनारी भागात सांडपाणी प्रकल्प भरत आला म्हणून नव्या बांधकामांच्या जोडण्या थांबवल्या. जलवाहिनी म्हणाले तेच.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. सगळे बोलतायत पहिल्या दहा वर्षांबद्दल. चाळिसाव्या वर्षी काय?

अमेरिकेतल्या सेंट लुईसमधलं प्रुइट-आयगो हे सरकारी गृहसंकुल. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधलेल्या. पैसे वाचवायला लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची. देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा असं ठरलं होतं. शहरातून माणसं जायला लागली, इमारती रिकाम्या पडू लागल्या, भाडं आटलं, लिफ्ट बंद, पाइप फुटलेले. १९७२ मध्ये पाडापाडी सुरू. लोकांनी निष्कर्ष काढला, उंच इमारती वाईट.

पण सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारतींतही लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. त्यांनी २००१ पासून कार्यक्रम हाती घेतला आणि शक्य तिथे प्रत्येक मजल्यावर थांबा दिला. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, थोडा रहिवाशांचा. लिफ्ट तशीच, मजले तसेच, पण पुढची चाळीस वर्षं कोण भरणार हे एका ठिकाणी ठरलेलं होतं, दुसरीकडे नव्हतं.

आता आपल्या वाढत्या उपनगरांचं. दुमजली घर मोडकळीला आलं तर त्यावर सात मजले बांधून पैसा उभा राहतो. सात मजली पाडून पंधरा करता येतात. पण वीस मजली इमारत आधीच सगळा एफएसआय पिऊन बसलेली असते. ती जुनी झाली की विकायला वरची हवा शिल्लक नाही आणि दीडशे मालकांच्या सह्या हव्यात. लिफ्टचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. बुकिंगच्या वेळी सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा) किती, असं विचारणारा गिऱ्हाईक मला तरी भेटलेला नाही. सगळे विचारतात जिम आहे का.

खिडकीतली_मांजर

काका, जिमचा टोमणा लागला. आमची आहे. कुलूपबंद.

रानवाट

खडूसकाकांचा मुद्दा धरून : मग मधला मार्ग, चार-सहा मजली? टॉवरही नाही, बंगलेही नाहीत.

नकाशा

हो, आणि तो पुष्कळ ठिकाणी जमलाय. पॅरिसची घनता चौरस किलोमीटरला २० हजारांच्या आसपास, तीही मुख्यतः सहा-सात मजल्यांत. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं वाऊबान तर उपनगरच आहे. जुन्या फ्रेंच सैनिकी छावणीच्या सुमारे ४० हेक्टरांवर पाच हजारांहून जास्त माणसं, बहुतेक इमारती चार मजल्यांच्या, बऱ्याच रहिवाशांनी गट करून स्वतः बांधलेल्या. गाड्या कडेच्या पार्किंगमध्ये, ट्राम २००६ मध्ये आली.

पण सावध. बार्सिलोनाच्या नव्या वस्तीचा अभियंता सेर्दा यांचा आराखडा १८५९ चा. ११३ मीटरचे चौकोन, कोपरे छाटलेले, उंची साधारण १६ मीटर. मूळ कल्पना अशी की चौकोनाच्या दोनच बाजू बांधायच्या आणि मधे बाग. पुढच्या शंभर वर्षांत आधी तिसरी बाजू भरली, मग चौथी, मग मजले चढले, मग बागेत गोदामं आली. दरवेळी एकच सवलत, दरवेळी कारण रास्त. गेल्या काही दशकांत शहर त्यातली काही अंगणं एकेक करून मोकळी करतंय. नकाशा चांगला असून भागत नाही, सवलतींच्या फायलींवर नजर ठेवावी लागते.

ओसरी

उन्हाचं कुणी बोललंच नाही. जपानमध्ये १९७६ च्या दुरुस्तीने सावलीचाच नियम कायद्यात आला : वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात, नवी इमारत शेजारच्या जागेवर किती तास सावली टाकते ते मोजायचं. असा मोजता येणारा नियम असला की भांडण 'आम्हाला आवडत नाही' यावरून निदान तासांवर येतं. वाऱ्याचंही तसंच. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये ३२ मजली ब्रिजवॉटर प्लेसच्या पायथ्याशी वारा इतका उसळायचा की २०११ मध्ये त्याने ट्रक उलटून एक पादचारी गेला. नंतर तिथे वारा अडवायला पडदे बसवावे लागले.

भाडेकरू

एक सरळ प्रश्न. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा नक्की काय लिहायचं? 'आमच्या शहराची ओळख जपा' असली पत्रं मी वाचलीत. त्यांचं पुढे काही होत नाही.

जलवाहिनी

ओळखबिळख लिहू नका. मागा ती कागदपत्रं. त्या लाइनवर आत्ता सकाळचा प्रवाह किती आणि नळीची क्षमता किती, आकड्यात. शुद्धीकरण प्रकल्पात शिल्लक किती. आणि इमारतीचा वापर परवाना नळ्या वाढवायच्या कामाच्या पूर्ततेला बांधलेला आहे की नुसत्या हमीपत्राला. हमीपत्रावर इमारत राहती झाली की विषय संपला, मग चारशे कुटुंबांना बाहेर काढायला कोण जाणार?

ओसरी

आणि तळमजल्याचा नकाशा. रस्त्याकडे किती दारं उघडतात ते मोजा.

तिरकस

पण हरकती घेतो कोण? ज्याचं घर आहे तो. जो अजून यायचाय त्याचं नाव मतदार यादीतसुद्धा नाही. भाडेकरूसाहेब, तुम्ही तरी जा. सुनावणी बहुतेक कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते, तेव्हा रजा टाका.

खडूस_म्हातारा

जिन्याचंही विचारा. इंग्लंडमध्ये ३० सप्टेंबर २०२६ पासून १८ मीटर किंवा त्याहून उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना बंधनकारक होतोय. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर सुरू झालेला विचार आहे तो.

नकाशा

काका, उंच इमारतीला दुसरा जिना हवाच. पण तोच नियम पाच मजल्यांना लावला तर छोट्या प्लॉटवर जिनेच जिने होतात, घराला जागा उरत नाही. मग बिल्डर चार प्लॉट एकत्र करतो आणि तिथे टॉवरच येतो. १८ मीटरची रेघ म्हणूनच महत्त्वाची, तिच्याखाली पाच-सहा मजले बसतात.

खडूस_म्हातारा

पाचव्या मजल्यावर माझ्या वयाचा माणूस राहत असेल तर? एका जिन्यात धूर भरला की त्याने काय उडी मारायची?

नकाशा

एक जिना ठेवायचा तर स्प्रिंकलर, धूर बाहेर काढायची सोय आणि दारापासून जिन्यापर्यंत कमी अंतर, या अटी घालूनच. आणि अग्निशमनाची गाडी इमारतीपर्यंत पोचेल एवढा रस्ता मोकळा. तो रस्ता पार्किंगने अडलेला असेल तर दोन जिनेही पुरायचे नाहीत.

रानवाट

जिन्यांवर वेगळा धागा काढा, दोघेही. मी तोवर त्या मलवाहिनीच्या आकड्यांसाठी अर्ज करतो.